तांबडीची पिल्लं

वाईत, कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका आळीत एक कुत्री राहायची. अंगाने तांबूस, शेपटीचं टोक तेवढं पांढरं. सगळे तिला तांबडी म्हणत. ती कुणा एकाची नव्हती. सकाळी सुमनकाकूंच्या ओट्याखाली, दुपारी पिठाच्या गिरणीच्या सावलीत आणि रात्री दत्ताच्या देवळापुढे असा तिचा दिवस ठरलेला असे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, आमच्याकडे पाचवी आहे, असं तिथले गुरव कौतुकाने सांगत. परका माणूस अपरात्री आळीत शिरला तर ती सगळ्यांना उठवायची, आणि ओळखीचं पाऊल असेल तर मान वर करून पुन्हा झोपायची.

सुमनकाकू तिला जेवू घालत. काकू एकट्याच राहत, मुलगा पुण्याला नोकरीत. सकाळी भाकऱ्या थापताना शेवटची भाकरी तांबडीच्या नावाची असे, ती दुधात कुस्करून ओट्यावर ठेवायची हा त्यांचा नेम. पाऊस असला तर छत्री धरून तिचं खाऊन होईस्तोवर त्या उभ्या राहत. या गोष्टीत वाईट माणूस कुणीच नाही, हे इथेच सांगून ठेवायला हवं. एवढी सगळी भली माणसं असूनही जे घडलं ते घडलं, आणि म्हणूनच ही गोष्ट सांगावीशी वाटते.

आळीच्या तोंडाशी बाळासाहेबांचं दुमजली घर. २०२०च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, मुलं घरात कोंडून कंटाळली, तेव्हा बाळासाहेबांनी पुण्याहून लॅब्राडोरचं पिल्लू आणलं. मुलांनी त्याचं नाव सिंबा ठेवलं. पहिलं वर्षभर सिंबा म्हणजे घरातलं तिसरं मूल होता. त्याला पहिल्या लशी वेळेवर झाल्या, त्याचे वाढदिवस झाले, फोटो निघाले. मग शाळा उघडल्या, क्लास सुरू झाले, आणि पिल्लाचं तीस किलोचं जनावर झालं. त्याचे केस सोफ्यावर पडू लागले. सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवायचं कुणी, यावरून घरात रोज बोलाचाली होऊ लागली. शेवटी ज्याचं त्याचं काम वाचेल अशी एक तोड निघाली. दिवसभर सिंबाला पोर्चमध्ये साखळीला बांधायचं, आणि रात्री साडेदहाला फाटक उघडून द्यायचं. तो आपला आपण फिरून पहाटे परत यायचा. लसीकरणाचं कार्ड कुठल्या कपाटात गेलं ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

लॅब्राडोर दहा-बारा वर्षं जगतो. पिल्लू आणताना आपण ते दोन महिन्यांचं गोजिरवाणं रूप बघतो. पण खरं तर घरात येत असतात ती पुढची बारा वर्षं, त्या वर्षांतल्या मुलांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा, बदल्या, लग्नकार्यं आणि म्हातारपण धरून. हा हिशेब बाळासाहेबांनी मांडला नव्हता. आपल्यातले किती जण मांडतात?

भाद्रपद आला की रस्त्यावरच्या कुत्र्यांना काय होतं ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही. २०२३च्या भाद्रपदातही आळीत रात्रभर गलका चालला. खिडक्यांतून लोकांनी पाणी ओतलं, दगड मारले. कुत्रीचे दिवस ६३च्या आसपास भरतात. दिवाळी सरली आणि गिरणीमागच्या रिकाम्या पोत्यांच्या आडोशाला तांबडी व्याली. सहा पिल्लं झाली.

गिरणीवाल्याची मुक्ता पाचवीत होती. शाळेतून आली की दप्तर टाकून ती पोत्यांमागे जायची. तिने सगळ्यांची नावं ठेवली. दोन आईसारखी तांबडी, एक काळं, आणि तीन फिकट पिवळी. डोळे उघडले, कानांनी आकार घेतला, तशी तिला एक गोष्ट खटकली.

“बाबा, तांबडीचे कान उभे आहेत. या पिवळ्यांचे खाली का पडलेत?”

“असतात काहींचे,” असं म्हणून बाबांनी दळणाचा डबा उतरवला. विषय तिथेच राहिला.

दुधाचा टेम्पो मागे घेताना काळं पिल्लू चाकाखाली आलं. उरलेली दीड महिन्याची झाली आणि त्यातलं एक तांबडं मलूल पडलं. खाईना, उलट्या करू लागलं, दुसऱ्या दिवशी रक्ताची हगवण लागली. हा पार्व्हो. लस न टोचलेल्या पिल्लांना हा रोग फार लवकर गाठतो, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातो. काकूंनी त्याला पदरात घेतलं, साखर-मिठाचं पाणी चमच्याने त्याच्या दाढेकडे सोडत राहिल्या. ते अर्धं बाहेर ओघळायचं. तोंड पुसायचं आणि पुन्हा चमचा भरायचा, असं रात्री अडीचपर्यंत चाललं. पहाटे ते गेलं. त्याच्यामागून दोन दिवसांत एक पिवळं गेलं. काकूंनी दोघांना परसातल्या पारिजाताखाली पुरलं. तिथली माती त्यांच्या हाताला नवी नव्हती.

उरली तीन.

आता बापूंचं ऐकायला हवं. बापूंचा मालवाहतुकीचा टेम्पो. त्यांच्या बायकोच्या स्कूटरमागे एकदा कुत्री लागली आणि ती पडून मनगट मोडून बसली होती. पिल्लं असलेली कुत्री जवळून जाणाऱ्यावर गुरगुरते, तशी तांबडीही त्या दिवसांत गुरगुरायची. तिच्याबरोबर दोन नर असत, ते सायकलवाल्या पोरांमागे धावायचे. ज्याच्या घरात हाड मोडलंय त्याला प्राणिप्रेमावर प्रवचन देऊन भागत नाही. बापूंची तक्रार खरी होती.

देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. सुमनकाकू त्या आठवड्यात मुलाकडे गेल्या होत्या. बाळासाहेबांचा आवाज सर्वांत मोठा. “ही भटकी कुत्री म्हणजे आळीला लागलेला रोग आहे. उचला आणि लांब नेऊन सोडा.” कुठे, ते कुणी फारसं बोललं नाही, पण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पसरणीचा घाटच होता. वाईहून पाचगणीला चढणारा हा रस्ता वळणावळणाचा, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी. नको झालेली जनावरं अशा घाटांत सोडायची खोड आपल्याकडे जुनी आहे. डोळ्यांआड झालं की ते पाप आपलं वाटत नाही.

रात्री एकच्या सुमाराला बापूंनी टेम्पो काढला. दोन नरांना पावाचे तुकडे दाखवून, पोतं टाकून धरावं लागलं. तांबडीला धरावं लागलं नाही. ती रोज दुपारी सावली फिरली की याच टेम्पोखाली झोपायची. फाळका उघडा दिसला तशी ती आपणहून वर चढली.

पिल्लं मागे राहिली. “त्यांचं काय?” असं एकाने विचारलं. “ती लहान आहेत...” एवढंच दुसरा म्हणाला आणि वाक्य तसंच सोडून घरी गेला.

कायद्यात याला गुन्हा म्हटलंय. १९६०च्या, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं ११वं कलम सांगतं की, उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं आणि त्याला फार काळ आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणं, हे दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या खेपेला दंड जास्तीत जास्त ५० रुपये. एवढ्या पैशांत आज तिघांचा चहाही धड होत नाही. कायद्याच्या भीतीने कुणी सुधारेल अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही. जे करायचं ते आळीनेच करायचं असतं.

काकू परत आल्या. भाकरी कुस्करून हाका मारत राहिल्या. कुणी काही बोलेना. शेवटी मुक्ताने सांगितलं. काकू कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. पोत्यांमागून त्यांनी तिन्ही पिल्लं उचलली आणि पडवीत आणून ठेवली.

पंधरा दिवस आळी शांत होती. बापूंना लोकांनी शाबासकीसुद्धा दिली. मग एका रात्री देवळापुढे भांडणं ऐकू आली. नदीपलीकडची दोन काळी कुत्री आली होती. त्यांच्यामागून आणखी तीन आली. गिरणीबाहेर सांडलेलं पीठ, मटणाच्या दुकानामागचा टाकाऊ माल, मंगल कार्यालयाच्या भिंतीपाशी साचलेल्या पत्रावळी, हे सगळं होतं तिथेच होतं. फक्त त्याची राखण करणारी तीन कुत्री नव्हती. जिथे पोट भरतं अशी जागा मोकळी झाली की ती भरायला शेजारची येतात. आणि येतात ती अनोळखी, बिथरलेली, जागेसाठी आपसांत झुंजणारी. त्यांना आळीतलं कुणी माहीत नव्हतं आणि आळीला त्यांची लक्षणं माहीत नव्हती.

बापूंचा नातू आरव क्लासवरून येत होता. दोन कुत्री भांडत होती, हा घाबरून पळाला, आणि त्यातल्या एकाने त्याची पोटरी धरली.

घरात रडारड झाली. आजी चुन्याची डबी घेऊन धावली, कुणी म्हणालं तिखट भरा. गुरवांच्या माडीवर डॉक्टर गौरी भाड्याने राहायची, जनावरांची डॉक्टर. आरडाओरडा ऐकून ती खाली आली. तिने आजीच्या हातातली डबी बाजूला ठेवली, आरवला न्हाणीत नळाखाली बसवलं आणि साबणाने जखम धुवायला घेतली. “पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावा.” पाच मिनिटांत बापूंना वाटलं आता पुरे. तिने हात काढला नाही. “बापू, रेबीजचा विषाणू जखमेत असतो तोवरच आपल्या हातात असतो. साबण त्याला मारतो. चुना, हळद, तिखट काही लावायचं नाही, त्याने जखम चिघळते आणि विषाणू आत जातो. आता सरकारी दवाखान्यात चला.”

दात खोल गेले होते, म्हणून जखमेभोवती सीरमची इंजेक्शनं द्यावी लागली. मग लस त्याच दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. गौरीने घरातल्या सगळ्यांना बजावलं की चारातला एकही डोस चुकवायचा नाही, पोराला बरं वाटतंय म्हणून थांबायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळपास कुणी वाचत नाही. आणि वेळेवर लस मिळाली की जवळपास कुणी दगावत नाही. १८८५च्या जुलैत पॅरिसमध्ये लुई पाश्चरने कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा ही लस दिली आणि ते पोर जगलं, हे तिने आरवला रांगेत बसल्या बसल्या सांगितलं. तो सात वर्षांचा. सुई टोचली तेव्हा त्याने फक्त ओठ दाबून धरले.

पुन्हा ओट्यावर बैठक. या वेळी काकू होत्या आणि गौरीही. सुरुवातीला सूर तोच, हीसुद्धा घाटात सोडा. गौरीने सगळ्यांचं बोलून होऊ दिलं.

“तुम्ही तीन नेलीत, पाच आली. ही पाच न्या, आणखी येतील. कुत्रं हवं की नको हे ठरवणं आपल्या हातात उरलेलं नाही. कसलं कुत्रं हवं एवढंच आहे. लस टोचलेलं, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, तुमची पावलं ओळखणारं एक, की दर दोन महिन्यांनी नवीन आलेलं कुणीतरी? दहातल्या सात कुत्र्यांना लस असेल तर रेबीजची साखळी तुटते. पण लस दिलेलीच कुत्री आपण घाटात सोडत राहिलो, तर ती तुटणार कशी?”

“ते ठीक आहे, पण मुळात ही येतात कुठून?” बाळासाहेब म्हणाले. “रोज नवीन पिल्लं. जन्माला घालतंय कोण?”

त्यांनी रागाने विचारलं होतं, पण प्रश्न मोलाचा होता. मुक्ता ओट्यावरून उठली. काकूंच्या पडवीत गेली आणि एक पिवळं पिल्लू घेऊन आली. देवळासमोरच बाळासाहेबांचं पोर्च. तिने फाटक ढकललं आणि ते पिल्लू सिंबाच्या पुढ्यात ठेवलं. सिंबाने त्याला हुंगलं आणि शेपूट हलवली. दिव्याच्या उजेडात दोघांची डोकी शेजारी शेजारी आली. रुंद कपाळ, डोळ्यांवर घडी पडून खाली आलेले तसेच कान, तोच फिकट पिवळा रंग. पिल्लाच्या पायांवर तेवढी आईची तांबूस झाक होती.

“मी बाबांना विचारलं होतं,” मुक्ता म्हणाली, “कान खाली का पडलेत म्हणून.”

बाळासाहेब काही बोलले नाहीत. बोलल्या त्या मीनाताई, त्यांची बायको. पायरीवर उभ्या होत्या. “रात्री फाटक मीच उघडते,” त्या म्हणाल्या. “साडेदहाला. रोज.”

त्यानंतर ओट्यावर कुणाचा आवाज चढला नाही. गौरीने वही काढली आणि रस्त्यावरची नव्हे, घरातली कुत्री लिहायला घेतली. आळीत सात घरांत कुत्री होती. त्यातल्या दोघांनाच त्या वर्षी रेबीजची लस झालेली. ऑपरेशन एकाचंही नव्हतं. आणि रात्री “मोकळं व्हायला” सोडली जाणारी चार. आळीतल्या रस्त्यावर जन्मलेल्या पिल्लांना घरं होती, फक्त ती घरं त्यांना ओळखत नव्हती.

काकूंशी बोलणं मात्र गौरीला सर्वांत जड गेलं. ऑपरेशनचं नाव काढताच काकूंचा चेहरा उतरला.

“पोरी, खायला घालणं निराळं. पण मुक्या जिवाचं आईपण काढून घ्यायचा अधिकार मला कुणी दिला?”

गौरी थोडी थांबली. “काकू, पारिजाताखाली किती आहेत?”

काकू बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या. गेल्या वर्षीची चार. त्याच्या आधीच्या खेपेची. थंडीत गारठलेलं ते एक. त्यांचं एक बोट संपलं, दुसरं संपलं, तिसऱ्यावर त्या थांबल्या.

“कोलकात्याकडच्या शास्त्रज्ञांनी रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं,” गौरी म्हणाली. “२०१६ साली ते छापून आलं. सहा-सात महिन्यांची होईपर्यंत पाचातलं एकसुद्धा धड उरलं नाही, १९ टक्के उरली. आणि मेलेल्यांतली निम्म्याहून जास्त माणसामुळे मेली. गाड्यांखाली, मारून, विष घालून. मी तुम्हाला दोष द्यायला सांगत नाही. तुम्ही नसतात तर हीसुद्धा उरली नसती. पण तांबडीच्या वाट्याला आईपण आलं कुठे? तिच्या वाट्याला दरवर्षी पिल्लं मरताना बघणं आलं.”

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते. कोरडी भाकरी खाऊ नकोस म्हणून.”

“मग आपली भाकरी अजून कोरडीच आहे, काकू.”

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. “केव्हा करायचं ते सांग,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू काकूंच्या दारात उभे. “टेम्पो काढलाय. येताय का?” काकूंनी चपला घातल्या. घाटात प्रत्येक वळणाच्या अलीकडे बापू टेम्पो बाजूला घ्यायचे आणि काकू खाली उतरून हाक मारायच्या. कठड्यावरची माकडं नुसती बघायची. एका वळणावर मक्याची कणसं भाजणारा होता. त्याला शेपटीच्या टोकाची खूण सांगितली.

“व्हय, होती की,” तो म्हणाला. “आठ-धा दिस होती. वाईकडं तोंड करून रस्त्यातच बसायची. हाकललं तरी उठायची न्हाई. हितं गाड्या लई जोरात येत्यात, बाई.” त्याने पुढे सांगितलं नाही. काकूंनी विचारलं नाही. दोन नरांपैकी एक थोडा वर सापडला, अंगभर खरूज झालेला. बापूंनी त्याला स्वतः उचलून टेम्पोत घेतलं. उतरताना अर्धा घाट होईस्तोवर दोघांत शब्द नव्हता.

“ती आपणहून चढली होती, काकू,” बापू म्हणाले. बस्स, एवढंच.

मग काम सुरू झालं. सिंबाचं ऑपरेशन सर्वांत आधी, बाळासाहेब स्वतः त्याला घेऊन गेले. घरच्या सातही कुत्र्यांना लस झाली आणि कार्डं या वेळी देवघराच्या फळीवर राहिली. रस्त्यावरच्यांसाठी नगरपालिकेला अर्ज दिला, आणि प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या एका संस्थेची गाडी जाळी-पिंजरे घेऊन आली. कुत्र्यांच्या प्रजनन नियंत्रणाचे नियम देशात २००१ पासून आहेत, २०२३ साली ते नव्याने आले. त्यांचं सार एवढंच की, धरायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, जखम भरेपर्यंत सांभाळायचं आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. शेवटच्या गोष्टीला आळीतल्या काहींचा विरोध होता. या वेळी त्यांना बापूंनी समजावलं. रिकाम्या जागेचं काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला कळलं नव्हतं.

ऑपरेशन झालेल्या कुत्र्याच्या कानाच्या टोकाला छोटी खाच पाडतात, म्हणजे ते दुसऱ्यांदा धरलं जात नाही. ही खाच बघायला आरव येऊ लागला. आधी गॅलरीतून, मग बापूंचं बोट धरून. गौरीने आळीतल्या पोरांना गोळा करून शिकवलं. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन जागीच उभं राहायचं, त्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. ओरखडा जरी उठला तरी घरी लपवायचं नाही. मार बसेल या भीतीने पोरं लपवतात आणि ते फार महागात पडतं.

काकूंची भाकरी ओट्यावरून हलली. देवळामागच्या पडक्या भिंतीपाशी, शाळेच्या वाटेपासून लांब, सकाळी साडेसहाला आणि रात्री नऊला, ठरल्या वेळी. दूध बंद झालं, कारण मोठ्या कुत्र्यांना ते बहुधा पचत नाही. त्याऐवजी भाकरीत वजडी किंवा उकडलेलं अंडं. शिजवलेली हाडं नाहीत, ती फुटून आतड्यात रुततात. खाऊन झालं की जागा धुवायची. मंगल कार्यालयाच्या मालकाला भेटून पत्रावळींसाठी झाकणाची पिंपं ठेवायला लावली. या एका पिंपाने जेवढा फरक पडला तेवढा दगडांनी कधी पडला नव्हता.

पिल्लांना घर शोधताना गौरी फार कडक झाली. मागायला येणाऱ्याला ती बसवून विचारायची. दिवसा घरी कोण असतं? घर भाड्याचं असेल तर मालकाला चालतं का? गावाला जाताना कुणाकडे ठेवाल? एकाला शेतघरावर राखणीला हवं होतं, तो स्वतः मुंबईत राहायचा आणि शनिवारी यायचा. तिने त्याला नाही म्हटलं, त्याने आवाज चढवला तरी नाही म्हटलं. एक पिवळं शेवटी एका शिक्षकाच्या घरी गेलं, सात महिन्यांचं झालं की ऑपरेशन करायचं असं कबूल करून घेऊनच. दुसरं न्यायला मीनाताई आल्या. “आमचंच आहे ते,” त्या म्हणाल्या. सिंबाची साखळी निघाली. सकाळी बाळासाहेब आणि संध्याकाळी मुलं, दोघांनाही नदीच्या घाटापर्यंत फिरवून आणू लागली. बाळासाहेबांच्या खिशात विष्ठा उचलायला कागद असे. तांबडं पिल्लू काकूंकडेच राहिलं.

पुढच्या वर्षीचा कार्तिक आला तेव्हा गिरणीमागची पोती रिकामी होती. त्या वर्षी पारिजाताखाली काकूंना खणावं लागलं नाही.

याच दिवसांत पलीकडच्या आळीतले एक गृहस्थ काकूंकडे आले. त्यांच्याकडे कुत्र्यांचा उच्छाद झाला होता. इथल्या लोकांनी बंदोबस्त केला, पिंजरे आणले, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

“बसा,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी कपाटातून गौरीने दिलेली वही काढली, चष्मा लावला. “तुमच्या आळीत पाळलेली किती?”

“पाळलेल्यांचं काय? त्रास रस्त्यावरच्यांचा आहे.”

“तीच आधी लिहायची असतात. नर का मादी, लस कधी झाली, ऑपरेशन झालंय का. घरं सांगा, मी लिहिते.”

गृहस्थांनी दोन-तीन घरं सांगितली, मग जरा घुटमळले. “एक आमच्याकडेही आहे. जर्मन शेफर्ड.”

काकूंनी नाव लिहिलं आणि मान वर केली. “रात्री घरात असतो, का सोडता?”